दोन नंबरची कॉलर

क्लबची वही पाण्यात गेल्याचं कळलं तेव्हा तो मैदानावर चुन्याची रेष मारत होता. सेक्रेटरी धापा टाकत आला. हातात कागदाचा लगदा होता.

"दादा, क्लबातला नळ फुटला. चाळीस वर्षांतले सगळे संघ, सगळी नावं गेली. पुढच्या महिन्यात क्लबचा इतिहास छापायचाय. आता काय लिहू, माझं कपाळ?"

रेष मारता मारता दादा थांबला. बायको जाऊन चार महिने झाले होते. वहीचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

"घरी चल," तो म्हणाला.

घरी त्याने कपाटावरून जर्सींचं गाठोडं काढलं. हौशी रग्बी क्लब. जर्सी धुणं, सांधणं पहिल्यापासून बायकोकडेच. कुणी खेळ सोडला की ती त्याचं टोपणनाव त्याच्या नंबरच्या कॉलरमध्ये आतून दोऱ्याने घालायची. जर्सी विरली की तीच कॉलर उसवून नव्या जर्सीला लावायची.

सेक्रेटरी एकेक कॉलर उलटून लिहू लागला.

"नऊ नंबर. उंदीर, मास्तर, बोका. बोका म्हणजे मीच! वहिनींना म्हटलं होतं, खरं नाव घाला. तर म्हणाल्या, त्या नावाने तुला तुझी आई तरी हाक मारते का?"

दोघं हसले. मग सेक्रेटरीने दोन नंबरची कॉलर उलटली.

दोन नंबर म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तेव्हा, पुढच्या ओळीत मधोमध डोकं घालायची जागा. सोळा वर्षं ती त्याची होती.

"दादा, यात पहिलवानाच्या खाली जागा मोकळी, मग एकदम पुढची नावं. तुमचं नाव नाही?"

"मीच घालू दिलं नाही."

त्याचा गुडघा जाऊन वीस वर्षं झाली होती. दर मोसमाला बायको जर्सी घेऊन विचारायची, "नाव घालू का आता?"

"गुडघा बरा होऊ दे. मी कुठे खेळ सोडलाय?"

"होईल हो बरा. मी म्हातारी झाले तेवढ्यात," म्हणत ती जर्सी ठेवून द्यायची.

सेक्रेटरीने कॉलर खिडकीशी नेली.

"थांबा. आहे काहीतरी."

शिंप्याच्या खडूने लिहिलेलं होतं, 'खिळा'. त्याचं टोपणनाव. खडू पुसट होत गेला तसा तो पुन्हा पुन्हा गिरवलेला दिसत होता. कडेला सुई खोचलेली. दोरा ओवलेला, गाठ मारलेली.

त्याने अक्षरांकडे अंगठा नेला आणि मागे घेतला.

"झकास," सेक्रेटरी म्हणाला. "सगळ्या जर्सी धुऊन क्लबात टांगू."

"बाकीच्या चौदा ने. ही राहू दे."

"का हो?"

"खडू आहे. धुतला की जाईल."

सेक्रेटरी गेल्यावर त्याने चष्मा लावून सुई हातात घेतली. जन्मात त्याने कधी बटण लावलं नव्हतं. पहिला टाका कुठून घालायचा ते त्याला कळेना. त्याने सुई होती तिथेच परत खोचली.

इतिहास वेळेवर छापून आला. त्यात दोन नंबरपुढे 'खिळा' आहे. कॉलरवर ते अजून शिवायचं राहिलंय.