अमीर निघाला

"मुसलमानाचं, तेबी आफ्रिकेतलं, आन् तेबी हरलेल्याचं! बाई, तुमाला दुसरं नाटक घावलं न्हाई का?" संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब हसत म्हणाले. त्या हसण्यात परवानगी काही नव्हती.

सुकेशनीबाई पोखर्णीजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. एकोणीसशे तीन साली इंग्रजांनी तोफा-बंदुका लावून आफ्रिकेतलं सोकोतो शहर जिंकलं, पण तिथला राजा, म्हणजे अमीर, शरण गेला नाही. शहर सोडून तो मक्केच्या वाटेला लागला आणि गावंच्या गावं चूल-बोळकी आवरून त्याच्यामागे निघाली. पुढे लढाईत तो पडला. ती वाट बाईंच्या मनात घर करून बसली होती. त्यांच्या आजोबांनीही छप्पन साली दीक्षा घेऊन जुनं सगळं सोडलं होतं. सोडून जाणं म्हणजे हरणं नव्हे, हे बाईंना घरातच कळलेलं.

"नाटक हेच होईल," त्या म्हणाल्या.

"मंग ऐका. लोक मधीच उठले, तर पुढल्या वर्षीपासून तुमचं नाटक बंद!"

गॅदरिंगच्या दुपारी सतरंज्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अमीर झालेली रोहिणी खांद्यावर गाठोडं टाकून स्टेजवरून उतरली आणि लोकांमधून वाट काढत फाटकाकडे निघाली. तोच पुढे बसलेल्या सरजाबाई उठल्या. त्यांच्यामागे बायका उठल्या, मग गडीमाणसं.

"उठले का न्हाई?" आबासाहेब खुर्चीतून ओरडले.

बाई धावल्या. "मावशी, कुठं निघालात? नाटक संपलं नाही अजून!"

"लेकरू गाव सोडून चाललंय. येशीपस्तोर पोचवाया नगं?" सरजाबाईंनी पदर खोचला आणि त्या चालू लागल्या.

लेक सासरी निघो की पोरगा मिलिटरीत, वेशीपर्यंत गेल्याशिवाय या गावात कुणी माघारी फिरत नाही. नाटक लिहिताना बाई हे साफ विसरल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

स्टेजवर इंग्रज अधिकारी झालेला नागेश लाकडी बंदूक धरून गोंधळला होता. शेवटचं वाक्य त्याचं होतं.

"म्हण, नागेश," बाई ठासून म्हणाल्या. "लिहिलंय तसंच म्हण."

"लोकहो," नागेश रिकाम्या सतरंज्यांकडे बघत ओरडला, "आजपासून हे शहर आमचं!"

आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं. ऐकायला ते एकटेच उरले होते.