लेखिकेने मध्ये बोलू नये

आपल्या गोष्टीची पहिली दोन पानं काढून टाकताना मैत्रीच्या अगदी जिवावर आलं होतं. त्या पानांत गाव होतं, गावाबाहेरची वस्ती होती, कापूस वेचायला जाणारी एक बाई होती आणि ती कोणाची कोण हे सगळं नीट सांगितलेलं होतं. मावला गावच्या सरकारी शाळेत शिकवणारी मैत्री लहानपणापासून वाचनालयातल्या जाडजूड जुन्या कादंबऱ्यांवर पोसलेली. ते लेखक म्हणजे दाराशी येऊन वाचकाला आत नेणार, बसा म्हणणार, नायिकेच्या माहेरापासून सुरुवात करणार आणि ती रडली की का रडली तेही सांगून मोकळे होणार. मैत्रीलाही तसंच लिहायची खोड.

आलोकसर हैदराबादेत नोकरी करायचे आणि रविवारी सकाळी मोबाईलवरून मैत्रीसारख्यांना कथालेखन शिकवायचे. माणूस मनापासून शिकवणारा, पण कात्री हातात घेऊनच बसलेला. गोष्ट ऐन प्रसंगात सुरू करा. भावना सांगू नका, दिसू द्या. लेखिकेने मध्ये बोलू नये. शेवट उघडा ठेवा, वाचक हुशार असतो. मैत्रीने निमूटपणे गोष्ट निम्मी केली, तेव्हा सर खूश झाले आणि वर्गाच्या संग्रहात ती पहिली छापू म्हणाले.

खरं सांगायचं तर मैत्रीला संग्रहाचं एवढं अप्रूप नव्हतं. गोष्ट तिने आपल्या आईसाठी, सखूबाईसाठी लिहिली होती. सहावीत असताना सखूबाईने तिला शाळेसाठी दूर मंचेरियलच्या वसतिगृहात धाडलं, तो दिवस त्या गोष्टीत होता. त्या दिवसाबद्दल मायलेकींमध्ये कधी बोलणंच झालं नाही. भाजीपाल्याचं बोलून झालं, नातवंडांच्या दुखण्याखुपण्याचं झालं, तेवढं मात्र राहून गेलं. तोंडाने जमत नाही ते कागदावर जमेल, आई ऐकेल आणि आपल्या मनात काय होतं ते तिला एकदाचं कळेल, एवढीच मैत्रीची आशा होती. सखूबाईला वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचून दाखवणं आलंच.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वस्तीच्या बुद्धविहारात ग्रंथवाचन चालतं. रविवारी दुपारी वाचायची पाळी मैत्रीची असे. तिथली रीत अशी, की एक पान वाचायचं, त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, आणि ऐकणाऱ्याने काही विचारलं तर त्याचं समाधान केल्याशिवाय पान उलटायचं नाही. त्या रविवारी वाचन लवकर आटोपलं. शेजारच्या भाग्यश्रीला मैत्रीच्या लिहिण्याची कुणकुण होतीच. आता तुझं स्वतःचं ऐकव, असा तिने हट्टच धरला. सखूबाई भिंतीला टेकून बसली होती. मैत्रीने मोबाईल काढला आणि वाचायला घेतलं.

गोष्ट सुरू झाली ती थेट सुटायच्या बेतात असलेल्या बसपासून. बाया सावरून बसल्या. भाग्यश्री चहा ठेवायला उठत होती, ती उठलीच नाही. त्या जुन्या दोन पानांवर निम्म्या जणी पेंगल्या असत्या, हे मैत्रीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. कात्रीवाल्याचं अगदीच चुकलं नव्हतं. पत्र्याची पेटी आली, बोंडांनी ओरखडलेली मायची बोटं आली, बसची खिडकी आली. शेवटी बस हलली. पोरगी समोर बघत राहिली, तिने मागे वळून पाहिलं नाही. संपली गोष्ट.

मैत्री आईकडे बघत होती. सखूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूहळू मान हलवली.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "पोरगी गुस्सा होती मायवर."

मैत्रीने जोरात नाही म्हणून मान हलवली. म्हणजे एवढी वर्षं आई हेच धरून बसली होती, आणि आपलं मन कळावं म्हणून लिहिलेल्या गोष्टीने ते आणखी पक्कं केलं होतं. वाचक हुशार असतो हे सरांचं म्हणणं खरंच होतं. पण मोकळी जागा दिसली की वाचक आपलंच दुःख आणून तिथे ठेवतो, हे सरांनी काही सांगितलं नव्हतं. मैत्रीला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"नाही त मंग काऊन नाही पाह्यलं तिनं वापस?" सखूबाईने विचारलं.

विहारात विचारलं म्हणजे सांगावं लागतं. सगळ्या बाया मैत्रीकडे बघायला लागल्या. आलोकसर काय म्हणतील, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. तरी तिने मोबाईल खाली ठेवला आणि जुन्या कादंबरीतल्या लेखकासारखी सरळ गोष्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"पोरगी गुस्सा नव्हती, माय," ती म्हणाली. "तिचा सारा जीव मायमंधी अडकला होता. वळून पाह्यलं असतं त ती बसमंधून उतरली असती, अन् मायनं इतक्या जिद्दीनं धरलेली शाळा तिथंच सुटली असती. म्हनून तिनं मान घट्ट धरली. वाटेतलं उटनूर येवस्तोवर रडत गेली ती."

सखूबाई तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज ठाम होता.

"अन् मायचं कोन सांगन?"

"तूच सांग."

"माय घरी गेली नाही," सखूबाई म्हणाली. "तिथंच थांब्यावर बसून राह्यली, दिवस बुडेपर्यंत. पोरगी मंधातच उतरून वापस आली अन् तिले कोनी दिसलं नाही, त घाबरन म्हनून."

मैत्री आईजवळ सरकली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, भर विहारात, शाळेतल्या बाईला शोभणार नाही इतकं रडली. संग्रहासाठी गोष्ट गेली ती या दोघींच्या बोलण्यासकट. आलोकसरांनी सवयीप्रमाणे बसच्या वर्णनातल्या दोन ओळी उडवल्या. मायलेकींच्या बोलण्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.