प्रेमिलाच्या हातावरची चार अक्षरं

मी एक टॅटू बोलतोय. वय अवघा एक महिना. प्रेमिला मला गोंदणच म्हणते आणि मलाही तेच आवडतं. तिच्या डाव्या हातावर, बांगड्यांच्या जरा वर, माझं बिऱ्हाड आहे.

प्रेमिला बासष्ट वर्षांची. लग्नानंतर तिनं उजव्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदून घेतलं होतं. गेल्या दिवाळीत चकल्यांचं उकळतं तेल सांडलं आणि ते नाव भाजून गेलं. हात बरा झाला, पण बाई हळहळत राहिली. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, सोबत येतं ते फक्त गोंदण, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. आपण रिकाम्या हातानं जाणार, हे तिच्या मनानं घेतलं. अखेर लेक मिनल तिला महाल भागातल्या टॅटूच्या दुकानात घेऊन आली.

दुकानदार जितेंद्रनं विचारलं, "काकू, नाव काय लिहू?"

प्रेमिला नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार कसं? तिनं पिशवीतून वीजबिल काढून त्याच्यापुढं धरलं. रुपराव. अशी माझी चार अक्षरं विजेच्या बिलावरून उतरली.

घरी रुपराव उखडला. "या वयात काहून करून राहिली वं हे?" जन्म गांधीबागेच्या बाजारात कापड मोजण्यात गेलेला माणूस, त्याला नवी नक्षी लवकर पटत नाही.

जितेंद्रनं बजावलं होतं की दिलेलं मलमच लावायचं, तेही पातळ. पण तिसऱ्या दिवशी प्रेमिलानं जवसाच्या तेलात हळद कालवून मला लिंपलं. पहिल्या गोंदणाला हेच लावलं होतं ना! तिची माया मला कळत होती, पण माझा जीव चालला होता. कातडी लालभडक झाली, खपली भिजून सुटू लागली, 'प'मधून पाणी येऊ लागलं. तिनं मला पदराखाली झाकलं. पदरावर डाग दिसला तेव्हा रुपरावाला कळलं.

"मले सांगाचं नाही का वं?"

"तुम्ही बोलले असते जी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "हेबी गेलं त मी सोबत काय नेऊ?"

रुपराव तिला स्कूटरवर बसवून तडक जितेंद्रकडे घेऊन गेला. जितेंद्रनं मला हलक्या हातानं धुतलं. म्हणाला, "लाली वाढली, ताप आला तर डॉक्टरकडे जा. नाही तर नुसतं जपा."

आणि रुपरावानं जपलं. रोज दोनदा साबणानं हात धुऊन, चष्मा लावून तो मला कोमट पाण्यानं धुवायचा, स्वच्छ फडक्यानं टिपायचा, बोटाच्या टोकानं मलम लावायचा. मी भिजू नये म्हणून भांडी त्यानं घेतली. शेजारणी हसल्या, तो खुशाल घासत राहिला. आठव्या दिवशी मला अशी खाज सुटली की प्रेमिला बांगडीनं खरवडायला निघाली. त्यानं तिचा हात धरला आणि माझ्या आजूबाजूला हळूहळू थोपटत बसला. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिचा हात धरून इतका वेळ कधी बसला नव्हता, असं तीच मिनलला फोनवर सांगत होती.

आता खपल्या गळून गेल्यात. 'प' जरा फिकट आहे, पण वाचता येतो. मी जगलो तो त्या माणसामुळे, त्याचे उपकार कसे फेडू?

मी प्रेमिलासोबत जाणार, हे ठरलेलंच. पण ती आधी गेली, तर ज्याचं मी नाव आहे तो मागे एकटा राहील, आणि मी तिथं नसेन. मिनल, तेव्हा तू दिवसातून दोनदा त्याच्याजवळ बस. लावायला मलम नसलं तरी त्याचा हात हातात घे.