आखात, तालुका दौंड

"शंभू, नाव माणूस लिहितो, शिक्का गाव मारतं. आधी शिक्का बघ."

शिरूरच्या थोरल्या पोस्टमास्तरांचा हा आवाज. तीस वर्षं झाली तरी शंभूच्या कानात तो तसाच होता, खर्जातला आणि तंबाखूच्या गुळणीतून आलेला. शंभू तेव्हा नवा पोस्टमन होता. मेंढरांमागं चालून पक्के झालेले पाय त्यानं टपालाच्या कामाला लावले होते. मास्तर गेले, शंभूच्या मिशा पिकल्या; पण थैलीतून कागद निघाला की नजर पत्त्याआधी त्या काळ्या गोल शिक्क्यावर जायची ती जायचीच.

त्याच सवयीनं त्याचा घात केला.

त्याचा थोरला पोरगा संपत दीड वर्षामागं आखातात गेला. म्हणजे वडगाव रासाईनं त्याला हार घालून, हातात नारळ देऊन, हलगी लावून आखातात धाडलं. दोन महिन्यांनी त्याच्या आईच्या, म्हाळसाच्या नावानं पत्र आलं. निळं अंतर्देशीय. आत लिहिलं होतं, मी आखातात सुखरूप पोचलो. वर ठसठशीत शिक्का होता, दौंड.

दौंड तालुका म्हणजे गावची भीमा ओलांडली की पलीकडचा काठ. आखात एवढं जवळ असल्याचं शंभूला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी तो एसटीनं दौंडात उतरला, तर पोरगं स्टेशनासमोरच्या खाणावळीत टेबलं पुसत होतं. मुंबईच्या कुण्या एजंटानं विमानतळाच्या भिंतीपर्यंत नेऊन सोडलं असणार, आणि हलगी वाजवलेल्या गावात परत यायला पोराला तोंड राहिलं नसणार, हे शंभूला खांबाआड उभ्या उभ्या उमगलं. हाक घशापर्यंत आली. पण आपण दिसलो तर हे इथूनही पळेल, या भयानं तो तसाच मागं फिरला. परतीच्या एसटीत त्याला आणखी एक कळलं. पोस्टमनच्या पोराला शिक्का ठाऊक नसेल होय? पोरानं एकाच कागदात आईला आखात सांगितलं होतं आणि बापाला दौंड.

तेव्हापासून शंभू घरी पत्र वाचताना शिक्क्यावर अंगठा दाबून धरायचा. म्हाळसाला अक्षर येत नव्हतं, पण धाकटी पूनम नववीत होती आणि तिचे डोळे घारीचे होते.

अडचण एवढीच, की संपतच्या पत्रांत आखात फार थोडं असायचं. इथं ऊन फार आहे, रात्रंदिवस गाड्या चालू असतात, मद्राशी, बंगाली, भय्ये सगळे जेवायला येतात, एवढंच. म्हाळसाचं त्यानं भागत नव्हतं. तिथं झाडं कसली, पाणी कुठनं येतं, आणि मुख्य म्हणजे मेंढरं हायती का, असं ती विचारायची. मग शंभूनं वाचता वाचता एक उंट घातला. पुढच्या पत्रात पूनमच्या भूगोलाच्या पुस्तकातून खजूर आणली, वाळूच्या टेकड्या आणल्या. मेंढरांचं मात्र पुस्तकात नव्हतं. ती त्यानं मनानं घातली. तिथल्या मेंढीची शेपूट एवढी जाड असते, की ती भुईला घासू नये म्हणून खाली छोटा गाडा बांधतात.

झालं. पुढच्या पत्राला धनगरवाड्यातली चार म्हातारी माणसं येऊन बसली. गाड्याला चाकं दोन का चार, यावर महिनाभर पारावर वाद चालला. अर्ध्या वडगावाच्या डोळ्यांपुढं आता आखात नावाचा मुलूख उभा होता. त्यात उंट होते, गाडेवाल्या मेंढ्या होत्या, मद्राशी होते, आणि मधोमध धडधडत जाणाऱ्या रेल्वेगाड्या होत्या.

म्हाळसा तर बाजरी निवडताना त्याच मुलखात राहायची.

"आखाताच्या वाटंवरी न्हाई बाभूळ, न्हाई बोर
उन्हातान्हात एकलं गं माझं हिंडतंया पोर."

ते ऐकलं की शंभू उगीच सायकलच्या चाकात हवा भरत बसायचा. खरं सांगावं, तर पोराचा आब जातो आणि हिचं काळीज फाटतं. न सांगावं, तर ही वाळवंटातच जन्म काढते.

श्रावणात म्हाळसानं संपतच्या नावानं सत्यनारायण घातला. न्हावऱ्याहून गुरुजी मोपेडवर आले. शेजारचे पोपटराव रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचणारे गृहस्थ. ते बुद्धविहारात जाणारे, पूजेला बसत नसत; पण शेजाऱ्याला सोडतही नसत. अंगणात बाजेवर पेपर उघडून बसले.

शंभूनं उजव्या तळव्यावर पाणी घेतलं, म्हाळसानं त्याच्या कोपराला बोट लावलं, आणि गुरुजींनी संकल्प सुरू केला. जंबुद्वीप झालं, भरतवर्ष झालं, दंडकारण्य झालं, गोदावरीचा दक्षिण तीर आला.

शंभूतल्या पोस्टमनला राहवेना. त्यानं नम्रपणे विचारलं, की गोदावरी कुठं, आपण कुठं. मध्ये अख्खा नगर जिल्हा पडतो, एवढ्या पत्त्यावर पोचेल का? गुरुजी म्हणाले, देव शोधून घेतो. शंभू म्हणाला की टपालात असं चालत नाही. तेव्हा गुरुजींनी हसून भीमेचा उत्तर तीर आणि वडगाव रासाई जोडून दिलं, आणि म्हणाले, आता मुलाच्या मुलखाचं नाव सांगा.

"सौदी," आतून कुणीतरी म्हणालं. "दुबई," दुसरं म्हणालं. म्हाळसा म्हणाली, आखात. पूनमनं पुस्तकातलं सांगितलं, पश्चिम आशिया. गुरुजींच्या वडिलांच्या वेळी त्याला अरबस्तान म्हणत. बाजेवरून पोपटरावांनी वाचून दाखवलं, की पेपरात मध्यपूर्व छापलंय.

"पूर्व कशी वो?" म्हाळसानं विचारलं. "इमान तर मावळतीकडं जातंय."

"वहिनी, ज्यानं नाव ठेवलं त्यो लंडनात बसला हुता," पोपटराव म्हणाले. "त्याच्या दारातनं ते उगवतीला. आपल्याला कोण इचारतंय? ह्ये नदीपलीकडचं दौंड बी आधी भीमथडीत मोडायचं. साहेब बदलला की मुलूख बदलतो."

मग गाव आपापल्या नावासाठी भांडू लागलं. जो तो आपलं नाव देवाला जास्त ओळखीचं असल्याचं पटवू लागला. शंभूच्या तळव्यावरचं पाणी बोटांतून ठिबकत होतं. गुरुजींनी दोनदा पळीनं भर घातली. शेवटी घड्याळ बघून त्यांनी निकाल दिला, की पूनमचं बरोबर, पुस्तकातलं घेऊ. त्यांनी डोळे मिटले.

शंभूला दिसलं, की आता हा आशीर्वाद निघणार, समुद्र ओलांडणार, आणि त्या वाळूत उंटामागून उंटाला विचारत हिंडणार, वडगावचा संपत बघितला का. आणि पोरगं इकडं, हाकेच्या अंतरावर, ओलं फडकं पिळत उभं. म्हाळसाचं बोट अजून त्याच्या कोपराला लागलेलं होतं. तिनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

"थांबा, गुरुजी."

शंभूनं तळवा तसाच धरला आणि तो बायकोकडं वळला.

"पूनमची आय, संपत समिंदर वलांडून गेलाच न्हाई. दौंडात हाय. मला पयल्या पत्रापासनं ठावं हाय, म्या शिक्का अंगठ्याखाली धरत हुतो. उंट माझे, खजूर माझी, मेंढरं बी माझीच. पोरगं तेवढं खरं हाय. म्हणा गुरुजी, दौंड जंक्शन, स्टेशनासमोरची खाणावळ. पिन चार एक तीन, आठ शून्य एक."