गार बॉनेट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. लगेच हळहळू नका. अशा मनोगतात शेवटी रडायचे असते असे तुम्हांला शिकवले असेल, पण माझा तसा बेत नाही.

कारखान्यातून मी राखाडी रंगात बाहेर पडले. अंगाने हलकी, इंजिन छोटे, त्यामुळे जाहिरातीत डोंगरमाथ्यावर उभे राहण्याचा मान मला कुणी दिला नाही. माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. तिच्या खुर्चीत भलेभले कळवळत, पण माझा गिअर तिने कधी खरडू दिला नाही. तेल वेळेवर, हवा वेळेवर. नजर अधू झाल्यावर तिने स्वतःहून किल्ली खाली ठेवली. तिच्या मुलाला माझी अडगळ झाली आणि मी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात येऊन पडले. त्याला सगळे शेठ म्हणत.

माझ्या शेजारी एक लाल गाडी होती. तिचे पोचे भरलेले, अंगावर पॉलिश, आत अत्तर. गिऱ्हाईक यायच्या आधी शेठ तिला स्वतः सुरू करून तापवून ठेवी, कारण गार असताना ती खोकत असे आणि निळा धूर सोडत असे. माझ्यावर मात्र त्याने बादलीभर पाणीसुद्धा खर्च केले नाही. "हिला कशाला साबण? शनिवारी भंगारवाला येतोच आहे," असे तो सर्वांदेखत म्हणे. तेव्हा माझ्यावर जे काही होते, ते खरे होते. लपवाछपवी करायलाही माणसाला आधी तुमची किंमत वाटावी लागते.

शुक्रवारी एक तरुण मुलगी आली. लायसन्स नवे कोरे. सोमवारपासून तिला घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची नोकरी होती. गाडी स्वस्त हवी, पेट्रोल कमी पिणारी हवी, पण चढावर जीव सोडणारी नको. सोबत तिचा मामा होता. त्याने आयुष्यात तीन गाड्या घेतल्या होत्या आणि तिन्ही ढकलल्या होत्या, म्हणून घरात तो जाणकार समजला जाई.

मामाने लाल गाडीच्या चाकाला लाथ मारली. "टायर बोलतो, बरं का!"

"काय म्हणाला?"

"गप बस. शेठ, हीच घेतो आम्ही. पोरीला शोभेल."

मुलीने लाल गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. तिच्या कामातली ती सवय होती. दुखणाऱ्या गुडघ्याला आधी हात लावायचा. गरम लागला, तर आत सूज आहे.

"शेठ, ही आज कुठे जाऊन आली?"

"छे हो, चार दिवस जागची हललेली नाही."

"मग अंगात ताप कशाचा?"

"ऊन आहे ना, ताई."

वर पत्र्याचे छप्पर होते. मुलीने एकदा छपराकडे पाहिले, मग चालत माझ्याकडे आली आणि माझ्यावर हात ठेवला. मी गार होते.

"हिला ऊन लागत नाही का, शेठ?"

"अगं, ती भंगाराची आहे," मामा म्हणाला. "हिला पिकअप कुठला? सायकलवाला ओव्हरटेक करेल."

"करू दे. चालू तर करते."

कितीतरी दिवस उभी होते मी. पहिल्यांदा नुसती घरघरले. मामा हसला. दुसऱ्यांदा तो हसायच्या आत सुरू झाले. खोकला नाही, धूर नाही.

मुलगी चालवायला, शेठ तिच्या शेजारी, मामा मागे, असे आम्ही बाजारामागच्या चढावर गेलो. चढाच्या मध्यावर मी बंद पडले. मागून भोंगे सुरू झाले.

"बघ! सांगत होतो ना? गाडीच बाद आहे!"

मित्रांनो, माझे भंगार इथेच पक्के झाले होते. गाडीला दोष दिला असता, तर कुणी हरकत घेतली नसती.

"मामा, क्लच मी झटकन सोडला. तिला कशाला बोलतोस?" मुलगी म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती, पण म्हणाली.

तिने पुन्हा किल्ली फिरवली, यावेळी क्लच बेताने सोडला. मग मी तो चढ असा घेतला, की मामा सीटला चिकटला आणि मघाचा भोंगेवाला आरशात ठिपक्याएवढा झाला. हलके अंग, छोटे इंजिन. पेट्रोल कमी आणि उडी मोठी, हे माझ्याबद्दल कुणी विचारलेच नव्हते.

परत आल्यावर शेठने भाव चढवायला तोंड उघडले. पण मला इतकी नावे ठेवून झाली होती, की कौतुकाला सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचेना. भंगाराच्या भावाला थोडे वर देऊन मुलीने मला नेले. मामा वाटभर म्हणत होता, "मी आधीच ओळखलं होतं."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, असे मी सांगणार नाही. दया तुमच्याजवळच ठेवा. माझे तेल वेळेवर बदला, टायरात हवा भरा, आणि चूक तुमची असेल तेव्हा ती माझ्या नावावर टाकू नका. मग दाखवा मला कुठला चढ आहे तो.