झावळीचा क्रूस

मी झावळीचा क्रूस बोलतोय. चर्चमधल्या मोठ्या लाकडी क्रुसाशी माझी गल्लत करू नका. त्याच्यापुढे मेणबत्त्या लागतात, माणसं गुडघे टेकतात. मी आपला वीतभर, नारळाच्या एका कोवळ्या पातीला घड्या घालून केलेला.

माझा जन्म गिरीजच्या वाडीतला. वाडीची मालकीण विनी, आणि तिच्या दारी पाटी घेऊन येणारी पाचूबंदरची फिलोमिना. एकीची केळी, दुसरीची मासळी. दोघींची घासाघीस ऐकली तर वाटावं, आता एकमेकींच्या झिंज्या धरतात! पण झावळ्यांचा रविवार जवळ आला की विनी न मागता कोवळी झावळी काढून फिलोमिनाच्या पाटीवर ठेवायची. येशू जेरुसलेमला आला तेव्हा लोकांनी अशाच झावळ्या हलवल्या होत्या, त्याची ती आठवण. त्या रविवारी फादरांनी आमच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि प्रवचन चालू असतानाच फिलोमिनाने बाकावर बसल्या बसल्या मला वळलं. तिच्या बोटांना मासळीचा वास होता. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू?

तिच्या घरचा रिवाज असा, की वर्षाचा नवा क्रूस बोटीवर जायचा. केबिनमध्ये, सुकाणूच्या वर खोचलेला. बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा प्रमुख, तिचा नवरा सेबेस्टियन. तोंडाचा फटकळ, पण समुद्रात निघताना मला हात लावून तो ओठांना टेकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचा नाही. हाताखाली मुलगा, जॅक्सन. तो मोबाइलवर गाणी लावायचा. बाप ओरडला की आवाज कमी करायचा आणि बापाची पाठ वळली की पुन्हा वाढवायचा. सेबेस्टियन गालातल्या गालात हसायचा, ते फक्त मला दिसायचं.

दिवाळीच्या सुमारास सेबेस्टियनला लकव्याचा झटका आला. त्याला इस्पितळात ठेवलं, आणि फिलोमिना धावत बंदरावर आली.

"जॅक्सन, तो क्रूस दे रं. डॅडीच्या उशीखाली ठेवते."

त्याने मला काढून तिच्या हातात दिलं. "ने ना मम्मी. देव काय त्या पातीतच बसलाय? इथे पण आहे तो."

सेबेस्टियन वाचला. उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं, पण वाचला. फिलोमिनाने मला उशीखालून काढून इतकं छातीशी धरलं की माझी एक घडी उसवली. त्याच आठवड्यात बापाच्या जागी जॅक्सन बोट घेऊन गेला. जाळं ओढताना वारा फिरला, पाय घसरला आणि पोर समुद्रात पडलं. बाकीचे खलाशी बोट घेऊन परत आले. तो पुढे काही दिवसांनी भुईगावच्या किनाऱ्याला लागला.

सगळे रडले. फिलोमिना रडली नाही. तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, "मी काढून आनला."

म्हणजे मला. तिच्या मनाने घेतलं, की आपण बोटीवरची राखण काढली, नवऱ्याकडे वळवली, आणि देवाने नवरा सोडून मुलगा नेला. सेबेस्टियन घरी आला, आणि मीही पुन्हा त्याच्या उशीखाली. ती त्याला पुसायची, भरवायची, कूस बदलून द्यायची. कशातही कसूर नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. पेजेचा चमचा त्याच्या ओठाशी आणि नजर भिंतीकडे. त्याला कळत होतं. ती स्वयंपाकघरात गेली की तो रडायचा, आणि ते पाणी उशीतून माझ्यापर्यंत झिरपायचं. त्या दिवसांत मी ओला झालो तो समुद्राने नाही.

शेजारची यमुना समजूत घालायला आली. "देवाला चांगली मानसं लवकर हवी असतात गो."

"मंग आमाला वाईटांना कशाला ठेवतो? नजरेसमोर मरायला?"

फिलोमिनाने चर्च सोडलं, घरच्या देव्हाऱ्यातला, अल्तारावरचा दिवा बंद केला. मग फादर घरी आले. तिने त्यांना बसही म्हटलं नाही.

"फादर, एक सोडायचा तर दुसरा द्या म्हनतो, तो देव हाय का बंदरावरचा दलाल?"

फादरांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. अंथरुणावरच्या सेबेस्टियनकडे बघून त्यांनी ते गिळलं. म्हणाले, "असा सौदा करणारा देव मी मानत नाही, फिलोमिना."

"मंग पोर पडला तवा तो कुठं व्हता?"

"मला माहीत नाही."

माझा जीव तुटत होता. बाई, मी पात आहे गं! मी तिथे असतो तर केबिनमध्ये लटकून नुसता बघत राहिलो असतो. पण हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

उपवासकाळ जवळ आला. जुने क्रूस चर्चमध्ये जमा करतात, जाळतात, आणि उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी ती राख सगळ्यांच्या कपाळाला लावतात. फिलोमिनाने मला उशीखालून ओढून काढलं. "जळू दे एकदाचा," म्हणाली आणि चर्चच्या टोपलीत टाकून मागे न बघता गेली. मी जळलो. जळताना मला तिचाच घोर होता.

बुधवारी ती रांगेत उभी होती. का आली, तिलाही सांगता आलं नसतं. तू माती आहेस, म्हणत फादरांनी मला तिच्या कपाळावर टेकवलं.

ती घरी आली. सेबेस्टियनने ती राख पाहिली. त्याचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"मी... जायला... पायजे व्हतो."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "गप ऱ्हा," ती ओरडली. "गप ऱ्हा तू! मना दोगंपन पायजे व्हते!"

आणि मग तिला रडू फुटलं. तिने कपाळ त्याच्या कपाळावर टेकलं, तेव्हा मी अर्धा तिच्याकडे राहिलो आणि अर्धा त्याला लागलो.

देव कुठे होता, ते मला जळूनही कळलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर कृपा करून तिला लगेच सांगायला येऊ नका. आधी तिच्याजवळ बसा. उद्या सकाळी ती तोंड धुईल, त्याचंही पुसून काढेल, आणि मी मोरीतून वाहून जाईन. त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्या पोराला सांभाळायला तिने मला वळलं होतं, त्याच्या कपाळाला मी कधीच लागणार नाही.