डोळ्यांच्या वॉर्डातलं स्टूल

अहो, जरा खाली बघा. अजून खाली. हां, ज्याच्यावर तुम्ही आत्ता पिशवी टेकवलीत ना, तोच मी. लोखंडी स्टूल. आम्ही बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मनात साचून राहिलीय, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानातला. त्याने घाईघाईत चार पाय जोडले, त्यातला एक किंचित आखूड राहिला. "चालतंय, कोण बघतंय!" म्हणत त्याने मला पांढरा रंग फासला. टेम्पोत बसून मी या दवाखान्यात आलो आणि डोळ्यांच्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेपाशी माझी नेमणूक झाली.

स्टूल म्हणजे बसायची वस्तू, असं तुम्हाला वाटत असेल. इथे माझ्यावर पाण्याचा तांब्या असायचा, औषधाची बाटली असायची, कुणाची कवळीची डबी असायची. खाली चपला. ज्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, त्याचं घरदार म्हणजे मीच. हात लांबवला की तांब्या लागला पाहिजे. नाही लागला, तर भला मोठा माणूस क्षणात पोरका होतो. मी पाहिलंय.

हे ओळखून वागणारी एक बाई होती. सफाईवाली. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती मला कधी पायाने ढकलायची नाही, उचलायची. माझे पाय फरशीवर घासले की किंचाळतात आणि पट्टीतली माणसं दचकतात, म्हणून. खालची फरशी पुसून झाली की मला पुन्हा जागच्या जागी ठेवायची आणि खाटेच्या बाजूने हात लांबवून बघायची, तांब्या लागतो ना? मग फडकं घेऊन माझी बैठक, माझे पाय, खाटेचा दांडा, जिथे जिथे आजाऱ्याचा हात पोचेल तिथे तिथे पुसून काढायची. अंगाला फिनेलचा वास यायचा माझ्या, पण तो मला आवडायचा.

त्या खाटेवर एकदा एक म्हातारा रंगारी आला. छताला चुना लावताना ओला चुना दोन्ही डोळ्यांत गेला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्टी बसली. दिसेल की नाही, ते पट्टी सुटल्यावरच कळणार होतं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायचा नाही. मुलगी भेटायला आली की तिच्याशीही हूं की चूं नाही.

"पाय वर घ्या," मावशी म्हणाली.

"पायच तेवढे राहिलेत माझ्याकडे, मावशी. तेही घेऊन जा."

"मावशी काय म्हणता? तुमच्या मुलीच्या वयाची असेन मी."

"मग काय म्हणू? मला काय दिसतंय?"

"काही म्हणा. पण पाय घ्या आधी, पाणी सांडलंय."

म्हातारा हसला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. त्यानंतर त्याने विचारलं, "इथल्या भिंतीला रंग कोणता गं?"

"हिरवा."

"हिरवे पुष्कळ असतात. कसला हिरवा?"

ती भिंतीकडे बघत राहिली. रोज बघायची, पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "पोट बिघडलेल्या माणसाच्या तोंडासारखा," ती म्हणाली.

"ब्रशचे फटके दिसतात?"

"दिसतात की."

"मग रंगारी आळशी होता," म्हातारा म्हणाला आणि उठून बसला. त्या दुपारी तो पोटभर जेवला.

पुढे रोज असंच. ती पुसता पुसता सांगायची आणि हा ऐकता ऐकता बघायचा. खिडकीतून काय दिसतं, समोरच्या खाटेवर कोण आलं, डॉक्टर आज खुशीत आहेत की कावलेत. काम थांबवून ती कधी बोलली नाही. तेवढी सवड तिला कोण देणार?

एकदा ती रजेवर होती. बदली आलेल्या माणसाने मला पायाने सरकवलं ते थेट खाटेच्या पायथ्याशी. रंगाऱ्याने हात लांबवला, हाती काही लागलं नाही. तो उठून चाचपडला आणि ओल्या फरशीवर पडला. कोपर फुटलं. "बाबा, हाक मारायची ना!" म्हणत सिस्टर धावली. दुसऱ्या दिवशी मावशीने ते कोपर पाहिलं. मला जागेवर ठेवलं आणि तिथेच घट्ट दाबून धरलं. लोखंडाला ते कळतं.

"डोळे उघडले की पहिलं तुझं तोंड बघणार," म्हातारा म्हणायचा.

"नको हो, दचकाल. पुन्हा पट्टी बांधावी लागेल!"

असं म्हणायची. पण पट्टी सुटायच्या दिवशी ती केस नीट विंचरून आली होती.

त्या दिवशी डॉक्टरांचा राउंड. राउंड आला की सफाईवाल्यांनी बाहेर थांबायचं, असा इथला नियम. "मावशी, बाहेर," सिस्टर म्हणाली. बादली उचलून ती मुकाट्याने दाराबाहेर गेली.

पट्टी सुटली. रंगाऱ्याने पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. भिंतीकडे पाहून तो खदखदून हसला. "अगदी बरोबर सांगितलं होतं तिनं!" मुलगी रडत होती, डॉक्टर म्हणत होते, "जखम अजिबात चिघळली नाही. नशीब चांगलं तुमचं." ते नशीब बाहेर भिंतीला टेकून उभं होतं. मुलीने फळं आणली होती. ती डॉक्टरांना दिली, सिस्टरला दिली.

"ती कुठाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोण, बाबा?"

"रोज पुसायला येते ती."

"अहो, त्या बदलत असतात," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मुलीचा हात धरून तो घरी निघाला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. मावशी तोंडावर मास्क लावून, फरशी पुसायचा दांडा उभा धरून बाजूला झाली होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत पुढे गेला. मी ओरडलो असतो हो! पण मला आवाज आहे तो फक्त कुणी ढकललं तरच.

नंतर माझ्यावर फडकं फिरवताना ती जोडीदारणीला म्हणाली, "बघितलं गं त्यांनी. ओळखलं नाही."

"मग बोलायचंस की!"

"काय बोलू? मीच ती पुसणारी, असं?"

एकच जागा ती कितीतरी वेळ पुसत राहिली.

मग तिची बदली मागच्या इमारतीत झाली. भाजलेल्यांच्या वॉर्डात. माझाही आखूड पाय निखळायला आला, म्हणून मला इथे तपासणीच्या खोलीबाहेर आणून टाकलं. इथे मला कुणी पुसत नाही. चहाचे डाग वाळून बसलेत.

आज तो रंगारी तपासणीला आलाय. बाकावर जागा होती, तरी माझ्याजवळच्या कोपऱ्यात, बादल्या ठेवतात तिथे खाली बसलाय. मला त्याने ओळखलं नाही, ते ठीकच. पण कुणी बादली घेऊन आलं की तो डोळे मिटून घेतो आणि कान देतो. आवाज दुसराच निघाला की उघडतो.

"बाबा, झोपू नका," मघाशी सिस्टर म्हणाली. "डोळे तपासायचेत ना?"

"झोपलो नाही गं. शोधतोय."

मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. नाहीतर मीच गेलो असतो. तुम्हाला येतं. मागच्या इमारतीत कुणी वाकून फरशी पुसत असेल, तर तिला एवढं सांगाल? म्हणावं, इथे ये, तोंड नको दाखवूस, एक शब्द बोल फक्त.

आणि पिशवी इथेच राहू द्या, मी सांभाळतो. पण निघा. आतून त्याच्या नंबरची हाक आता येईलच.